कोरलशेजारी कोणता हिरवा?

प्रश्न : आमच्या दिवाणखान्यात बाटली हिरव्या रंगाचा जुना, भक्कम सोफा आहे आणि तो बदलण्याचा विचार नाही. त्याच्या मागची भिंत कोरल रंगाने रंगवावी, असा मुलीचा आग्रह आहे; घरातील इतरांना मात्र ते फार भडक होईल अशी धास्ती वाटते. खोलीची खिडकी पश्चिमेला आहे. हे दोन रंग एकत्र शोभतील का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नक्की शोभतील. तुमच्या कन्येची निवड मला मनापासून आवडली. घरातल्यांची धास्तीही निराधार नाही, म्हणून तिचे कारण आधी पाहू. कोरलमध्ये लाल आणि केशरी दोन्हींचा अंश असल्यामुळे रंगचक्रावर, म्हणजे रंग क्रमाने मांडलेल्या वर्तुळावर, त्याच्या समोर निळसर हिरवा येतो, आणि असे समोरासमोरचे रंग शेजारी आले की दोन्ही मुळात असतात त्याहून प्रखर भासतात. पॅरिसच्या प्रसिद्ध गोबलँ विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांच्याकडे काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा दोष रंगात नसून शेजारच्या धाग्यांच्या रंगात आहे हे त्यांनी ओळखले आणि पुढे १८३९ मध्ये या विषयावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. भिंत आणि सोफा यांच्यातही हाच परिणाम घडतो. तो डोळ्यांना खुपतो तो मुख्यतः दोन्ही रंग सारखेच तेजस्वी आणि सारखेच उजळ असताना; मग त्यांची सीमारेषा थरथरल्यासारखी दिसते. तुमचा सोफा भिंतीपेक्षा बराच गडद असणार, त्यामुळे ती अडचण येणार नाही. अबोलीच्या झाडावर हीच जोडी आहे, आणि तिथेही पान गडद व फूल उजळ असते. भिंतीसाठी अबोलीकडे झुकणारी, किंचित करडेपणा मिसळलेली छटा निवडावी आणि ती एकाच भिंतीवर ठेवावी. उरलेल्या भिंतींना पिवळसर झाक असलेला पांढरा द्यावा, कारण निळसर पांढऱ्याशेजारी कोरल उग्र वाटतो.

खरी काळजी प्रकाशाची घ्यायला हवी. पश्चिमेचे कलते ऊन स्वतःच तांबूस असते, त्यामुळे दुपारी शांत दिसणारी भिंत सूर्यास्ताच्या सुमारास केशरी होईल. रात्री ६५०० केल्विनच्या (दिव्याच्या प्रकाशाची छटा सांगणारे एकक; आकडा लहान तितका प्रकाश पिवळा) पांढऱ्याशुभ्र ट्यूबखाली तीच भिंत निस्तेज गुलाबी दिसेल, तर २७०० केल्विनच्या पिवळ्या दिव्यात भिंत खुलेल, पण बाटली हिरवा सोफा जवळजवळ काळा भासेल. तुमच्या खोलीसाठी मी ४००० केल्विनच्या आसपासचे दिवे सुचवेन. शेड कार्डवरच्या इवल्याशा चौकोनावरून निर्णय घेऊ नये. संपूर्ण भिंतीवर तोच रंग अधिक ठसठशीत दिसतो. दोन फूट लांबी-रुंदीच्या पुठ्ठ्यावर दोन हात देऊन तो सोफ्यामागे उभा करावा आणि सकाळी, सायंकाळी व रात्री दिवे लावून पाहावा.

पडद्यांना शेवाळी किंवा मेहंदी रंग घ्यावा. या हिरव्यांमध्ये पिवळ्याचा आणि करड्याचा अंश असल्यामुळे ते कोरलला चिथावत नाहीत. मोरपंखी एखाद्या उशीपुरता सुंदर दिसेल, कारण रंगचक्रावर कोरलच्या नेमका समोर तोच येतो. पोपटी मात्र अजिबात नको, तो कोरलइतकाच उजळ असल्याने नजर दोहोंमध्ये ओढली जाते. कुंडीतली झाडे हवी तेवढी ठेवावीत.

प्रश्न : मुंजीच्या निमंत्रणपत्रिकेसाठी हिरव्या पार्श्वभूमीवर कोरल अक्षरे चालतील का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नक्षीसाठी चालतील, मजकुरासाठी नाही. अक्षर वाचता येते ते रंगातल्या फरकापेक्षा उजळ-गडद फरकामुळे, आणि मध्यम हिरव्यावर कोरलमध्ये तो फरक फारच थोडा असतो. नमुन्याचा फोटो फोनवर कृष्णधवल करून पाहिल्यास अक्षरे पार्श्वभूमीत विरघळलेली दिसतील. शिवाय लाल आणि हिरव्यातला भेद नीट न कळणारे लोक, त्यातही पुरुष अधिक, आपल्या आप्तेष्टांत असतातच, आणि त्यांना मुहूर्ताची वेळही वाचता येणार नाही. सायीच्या रंगाच्या कागदावर गडद हिरवा मजकूर घ्यावा आणि बटूचे नाव तेवढे ठळक, मोठ्या अक्षरांत कोरलमध्ये असावे. पडद्यावर दिसणारा झळाळता कोरल छपाईत तसाच उतरत नाही, आणि खरखरीत कागद शाई शोषून घेत असल्याने तो आणखी मंदावतो. म्हणून छापखान्याकडून निवडलेल्याच कागदावरचा नमुना मागून घ्यावा.