ली चोंग वेईने ऑलिम्पिक गोल्ड किंवा वर्ल्ड चॅम्पियनशिप कधीच जिंकली नाही, मग त्याला ग्रेट का म्हणतात?

तुम्ही विचारलंय की ना ऑलिम्पिक गोल्ड, ना वर्ल्ड टायटल, मग या मलेशियन बॅडमिंटन प्लेयरचं एवढं कौतुक कशाला. हा प्रश्न मी बऱ्याच जणांकडून ऐकलाय, आणि दरवेळी वाटतं की विचारणाऱ्याने फक्त मोठ्या फायनल्सचे निकाल वाचलेत, तो वर्षभर काय खेळायचा ते बघितलेलंच नाही.

ऑगस्ट 2008 ते जून 2012, सलग 199 आठवडे तो जगात नंबर एक होता. बॅडमिंटनचं रँकिंग असं असतं की मागच्या 52 आठवड्यांतल्या तुमच्या सगळ्यात चांगल्या दहा स्पर्धांचे पॉईंट्स धरतात, म्हणजे गेल्या वर्षी जिंकलेली स्पर्धा यंदा लवकर हरलात की ते पॉईंट्स गेलेच. त्यात एका आठवड्यात पाच राऊंड, मग विमानात बसा, दुसरा देश, दुसरा हॉल, तिथल्या एसीचा वारा वेगळा, शटल कुठे जोरात जातंय कुठे जडच वाटतंय, आणि पहिल्याच राऊंडला समोर कोणीतरी विशीतला पोरगा ज्याला तुम्हाला हरवून नाव कमवायचंय. हे जवळजवळ चार वर्षं एकदाही खाली न उतरता करणं म्हणजे काय ते जो थोडंफार खेळलाय त्याला कळेल. मलेशिया ओपन 12 वेळा, ऑल इंग्लंड 4 वेळा (2010, 2011, 2014, 2017), ही टायटल्स कोणी वाटत नाही हो.

त्याच्या खेळातलं मला सगळ्यात आवडायचं ते डिफेन्स. समोरच्याने जीव खाऊन स्मॅश मारावा आणि याने तो अलगद नेटजवळ टाकावा, आणि तो माणूस धावत पुढे येईपर्यंत हा स्वतः नेटवर रॅकेट वर करून उभा! पाय इतके हलके की कोर्टवर आवाजच यायचा नाही.

2006 ची मलेशिया ओपन फायनल घ्या, मलेशियातल्या कुचिंगला होती, समोर त्याचा कायमचा प्रतिस्पर्धी, चीनचा लिन डॅन. तिसऱ्या गेममध्ये स्कोअर 13-20, म्हणजे लिन डॅनला एकच पॉईंट हवा होता. ली चोंग वेईने तिथून ओळीने सात पॉईंट्स घेतले, 20-20 केलं आणि गेम 23-21 ने मारली. 21 पॉईंट्सची स्कोअरिंग तेव्हा नवीनच आली होती आणि तीत प्रत्येक रॅलीला पॉईंट जातो, सातातली एक जरी चूक झाली असती तरी मॅच संपली असती.

आता मोठ्या फायनल्सबद्दल. 2008 ला बीजिंग ऑलिम्पिकच्या फायनलला तो लिन डॅनकडून खरंच वाईट हरला, 12-21, 8-21, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण पुढचं बघा. 2011 ची वर्ल्ड चॅम्पियनशिप फायनल लंडनच्या वेम्बली अरीनात, लिन डॅनकडून तिसरी गेम 21-23 ने गेली. वर्षभराने ऑलिम्पिक फायनल, तोच हॉल, तोच ऑगस्ट महिना, समोर तोच लिन डॅन, आणि तिसरी गेम 19-21. त्यात मे महिन्यात थॉमस कपला (पुरुषांच्या देशोदेशीच्या टीम्सची स्पर्धा) घोट्याला दुखापत झालेली, ऑलिम्पिक खेळेल की नाही इथपासून शंका होती. दोन वर्षांत दोन सर्वोच्च फायनल्स आणि फरक दोन-दोन पॉईंट्सचा. एकूण 40 मॅचेसमध्ये लिन डॅन 28-12 पुढे आहे आणि मोठ्या दिवशी तो सरस होता हे मी मान्यच करतो, पण त्या दिवसापर्यंत दरवेळी पोचणारा दुसरा कोण होता ते पण सांगा ना.

मग 2014 ला डोपिंगचं प्रकरण झालं. चाचणीत डेक्सामेथासोन (सूज कमी करणारं एक स्टेरॉइड) सापडलं, कोपनहेगनचं वर्ल्ड सिल्व्हर काढून घेतलं, आठ महिन्यांची बंदी. मुद्दाम फसवायचा हेतू नव्हता हे चौकशी पॅनलने मान्य केलं, म्हणून शिक्षा तेवढ्यावर राहिली. रँकिंग घसरलं, 2015 ला जकार्ताच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला बिनसीडेड (म्हणजे वरच्या मानांकित खेळाडूंत नाव नसताना) उतरला आणि तरी थेट फायनलला, तिथे चीनच्याच चेन लाँगकडून हरला.

रिओ 2016 ची सेमीफायनल तर मला विसरताच येत नाही. लिन डॅनविरुद्ध ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच जिंकला, 15-21, 21-11, 22-20, आणि दुसऱ्याच दिवशी फायनलला चेन लाँगने 21-18, 21-18 ने हरवलं. तिसरं सिल्व्हर. काय बोलणार, एवढी पिळून काढणारी मॅच खेळून चोवीस तासांत परत तेवढ्याच ताकदीने उभं राहणं तिशी ओलांडलेल्या शरीराला जड जाणारच.

आपल्याकडच्या लोकांना 2018 ची कॉमनवेल्थ आठवत असेल, गोल्ड कोस्ट. मिक्स्ड टीम फायनलला आपल्या किदम्बी श्रीकांतने त्याला सरळ दोन गेममध्ये हरवलं, आपण सगळे नाचलो. त्याच आठवड्यात श्रीकांत वर्ल्ड नंबर एक झाला, आणि लगेच सिंगल्स फायनलला हेच दोघं समोरासमोर. ली चोंग वेई पहिली गेम हरला, नंतरच्या दोन्ही 21-14, 21-14 ने घेतल्या. वय 35. मला श्रीकांत जिंकायला हवा होता, पण त्या दोन गेम्समध्ये रॅलीचा वेग कोण ठरवतंय ते स्पष्ट दिसत होतं.

त्यानंतर जुलैत मलेशिया ओपनची फायनल, समोर जपानचा केंटो मोमोटा जो पुढच्याच महिन्यात वर्ल्ड चॅम्पियन झाला, त्याला दोन गेम्समध्ये हरवून बारावं टायटल. आणि मग नाकाचा कॅन्सर निघाला. तैवानला उपचार घेतले, बरा झाला, टोकियो ऑलिम्पिक खेळायची त्याची फार इच्छा होती पण शरीराने साथ दिली नाही आणि जून 2019 मध्ये रडत रडत रिटायरमेंट जाहीर केली.

तुम्हाला वेळ असेल तर रिओची ती सेमी पूर्ण बघा, हायलाइट्स नको. हायलाइट्समध्ये फक्त स्मॅश दिसतात, दोन पॉईंट्सच्या मध्ये तो कसा श्वास घेतोय, टॉवेल घेऊन किती वेळ काढतोय, पुढच्या सर्व्हिसला लिन डॅनच्या कोणत्या बाजूला शटल टाकतोय हे सगळं त्यात कापलेलं असतं.