कोल्हापुरात राहून जगभरातील जॅझ रेडिओ केंद्रे थेट ऐकायची असतील, तर सुरुवात कुठून करावी? ॲपवर गाणी निवडून ऐकण्यापेक्षा त्यात वेगळे काय मिळते?

सुरुवात अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराच्या डब्ल्यूडब्ल्यूओझेड या केंद्रापासून करावी, असे मी आग्रहाने सुचवेन. 1980 पासून चालू असलेल्या या केंद्राचे कार्यक्रम स्वयंसेवक सादर करतात, आणि आज शहरात कोणत्या ठिकाणी कोण वाजवणार आहे, याची यादीही ते दिवसातून अनेकदा वाचून दाखवतात. मार्च ते नोव्हेंबर या काळात कोल्हापुरात पहाटेचे साडेपाच होतात, तेव्हा तेथे आदल्या दिवसाचे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. म्हणजे आपण ऐकत असतो ती एका जागत्या शहराची, मैफली सुरू होण्याची वेळ. ॲपवरच्या यादीत हे मिळत नाही.

दुसरी गोष्ट साथीदारांची. देवल क्लबमधील मैफलीत तबल्यावर कोण आणि हार्मोनियमवर कोण हे कळल्याशिवाय आपले समाधान होत नाही, आणि जॅझमध्ये तर हे कळणे फारच आवश्यक आहे, कारण एकच धून प्रत्येक वादकाच्या हाती नवे रूप घेते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या डब्ल्यूकेसीआर केंद्रावर निवेदक फिल शाप यांनी 1981 पासून अनेक वर्षे केवळ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांच्या वादनावर सकाळचा कार्यक्रम केला. एकेका ध्वनिमुद्रणाविषयी ते इतके तपशिलाने बोलत, की ऐकणाऱ्याचा कान आपोआप तयार होई. शाप 2021 मध्ये गेले. 29 ऑगस्ट या पार्कर यांच्या जन्मदिनी हे केंद्र दिवसभर त्यांचेच वादन लावते, आणि ते आपल्याकडे सकाळी साडेनऊला सुरू होते.

आवर्तन मोजण्याची सवय येथे फार उपयोगी पडते. जॅझमध्ये नेहमी वाजणाऱ्या ब्लूज या रचनाप्रकाराचे एक आवर्तन बहुधा चार-चार मात्रांच्या बारा गटांचे (अशा गटाला ‘बार’ म्हणतात), म्हणजे 48 मात्रांचे असते, आणि वादक त्यावर पुन्हा पुन्हा नवा विस्तार करतो. अल्लादियाखाँसाहेबांच्या परंपरेतील गायन ऐकत आलेल्या श्रोत्याला समेवर येण्याचा आनंद नव्याने शिकवावा लागत नाही. मात्र तानपुऱ्यासारखा स्थिर षड्ज तेथे नसतो; साथीला वाजणारे स्वरसंवाद, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह (कॉर्ड), सतत बदलत राहतात, आणि त्यांची सवय होण्यासाठी थोडा धीर धरावा लागतो.

निवेदन नको असेल, तर स्वित्झर्लंडच्या रेडिओ स्विस जॅझ या केंद्रावर अखंड संगीत असते आणि वादकाचे नाव संकेतस्थळावर दिसते. 128 केबीपीएसच्या (सेकंदाला 128 किलोबिट) प्रक्षेपणाला तासाला सुमारे 58 एमबी डेटा लागतो. वेळापत्रक लिहून ठेवताना एक ध्यानात असू द्यावे: युरोपातील घड्याळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात, तर अमेरिकेतील नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, आणि त्यानंतर तेथील प्रत्येक कार्यक्रम आपल्याकडे एक तास उशिरा येतो.