'रजा व परवाना' आणि कूळ

रत्नागिरीत बदलीवर आलेल्या एका वाचकाचा प्रश्न : "भाड्याच्या खोलीच्या करारावर 'रजा व परवाना' असं लिहिलंय. रजा म्हणजे सुट्टी ना? शिवाय घरमालकीण काकू म्हणतात, 'कूळबीळ नको हो, अकरा महिन्यांचा कागद करा.' मग मी नक्की कोण?"

आधी रजा. 'लीव्ह अँड लायसन्स'मधली लीव्ह म्हणजे परवानगी, त्यामुळे भाषांतर फसल्यासारखं वाटतं. गंमत म्हणजे ते फसलेलं नाही! अरबीतून आलेली रजा मुळात संमतीच. राजी, रजामंदी, राजीनामा ही तिचीच भावंडं. पाहुणा 'रजा घेतो' म्हणत उठतो तेव्हा निघायची परवानगीच मागत असतो. पुढे कचेरीतल्या अर्जांनी त्या अर्थाची सुट्टी करून टाकली. नोंदणीनंतर मिळणाऱ्या सूची क्रमांक २ वर मात्र सरळ 'लिव्ह अँड लायसन्सेस' छापलेलं असतं.

कूळ हे वेगळं प्रकरण. आमच्याकडे खोलीत राहतो तो बिऱ्हाडकरू आणि खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, घालून दुसऱ्याची जमीन कसतं ते कूळ. तेही नपुंसकलिंगी : सहा फुटी गडी दारात उभा असला तरी 'कूळ आलंय'. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक मानलं, तेव्हापासून 'कूळ लागलं' हे 'वाळवी लागली'च्या सुरात म्हणतात. काकूंची धास्ती तिथली. तुमच्या खोलीला तो कायदा लागत नाही.

तुमच्या कामाचा फरक आहे भाडेकरू आणि परवानाधारक यांच्यात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे भाडेकरू वेळेवर भाडं देत आणि अटी पाळत असेल, तर त्याला काढायला मालकाला कायद्यात दिलेलं एखादं कारण कोर्टात सिद्ध करावं लागतं. परवानाधारकाला नुसती वापराची मुभा. मुदत संपली की खोली सोडायची, नाही सोडली तर दुप्पट भरपाई. आणि लेखी परवाना-करारात जे लिहिलंय, त्याचा तो करारच निर्णायक पुरावा. म्हणजे 'मी तर भाडेकरूच होतो' असं मागाहून म्हणून भागत नाही. सही करण्यापूर्वी तो 'परवाना' शब्द वाचा.

राहता राहिले अकरा महिने. वर्षावरच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून एक महिना कमी करायची ही जुनी युक्ती. पण या अधिनियमाच्या कलम ५५ ने ती निकामी केली. करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय अटींवरून वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरतात. काकूंना हे शेवटचं वाक्य तेवढं चहा पिताना सांगा. नोंदणीची तारीख त्याच काढतील.