'गेन्फो'ला लापशी म्हणावं का?

प्रश्न असा आहे : इथिओपियातल्या 'गेन्फो'ची घरी करायची कृती मराठीत लिहायची आहे. इंग्रजीत त्याला सरसकट 'पॉरिज' म्हणतात, मग मराठीत 'लापशी' चालेल का?

माझ्या मते नाही. लापशी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गव्हाचा जाड रवा, तूप आणि गूळ येतो. गेन्फो पिठाचा असतो, बहुधा जवाच्या. आणि तो तिखटमिठाचा. 'पॉरिज' या एका शब्दात इंग्रजीने तीन वेगळे पदार्थ कोंबलेत. इथिओपियातल्या अम्हारिक भाषेत त्यांना तीन नावं आहेत. भरडलेल्या गव्हाचा तो 'किंचे', म्हणजे आपला तिखटमिठाचा सांजा. पातळ, पिण्याजोगं ते 'अत्मित', म्हणजे पेज. आणि घट्ट गोळा होणारा तो गेन्फो. त्याला मराठीत नेमका शब्द आहे : उकड.

कृतीसाठी क्रियापदंही आयती मिळतात. मीठ घातलेल्या पाण्याला आधण आलं की त्यात पीठ वैरायचं. 'घालायचं' लिहिलंत तर वाचणारा वाटीभर पीठ एकदम ओतेल आणि गुठळ्या मोडत बसेल. (मी बसलोय.) 'वैरणे' म्हटलं की एका हाताने पीठ सोडायचं आणि दुसऱ्याने ढवळत राहायचं, हे वेगळं सांगावं लागत नाही. मग लाकडी दांड्याने हाटायचं, पिठलं हाटतो तसं, पण मनगट दुखेल इतकं. मंद आचेवर वाफ आणायची.

आता खरी गंमत. हा गोळा भांड्यात थापून मध्ये खळगा करतात आणि त्यात वितळलेलं मसालेदार लोणी 'निटर किब्बे' नि लाल तिखट मसाला 'बेर्बेरे' ओततात. कडेचा घास मोडायचा, मधल्या लोण्यात बुडवायचा. खळगा कशाला? आपण भाताला आळं करून आमटी वाढून घेतो, तसं हे 'उकडीला आळं करणं'! निटर किब्बेला 'मसाले घालून कढवलेलं लोणी' म्हणा. नुसतं 'तूप' म्हटलंत तर कोरारिमा वेलचीचा वास हरवतो.

एक सावधगिरी : 'सातूचं पीठ' लिहू नका. कोशात सातू म्हणजे जवच, पण आपल्या स्वयंपाकघरात सातूचं पीठ म्हणजे भाजलेले गहू आणि डाळं. सरळ 'जवाचं पीठ' लिहा.

गेन्फो तिकडे बाळंतिणीला आणि तिला भेटायला येणाऱ्यांनाही देतात. तेव्हा कृतीच्या वर 'बाळंतिणीची उकड' असं उपशीर्षक दिलंत तर मला आवडेल. मूळ नाव मात्र ठेवाच. तिकडच्याच तिग्रिन्या भाषेत यालाच 'गआत' म्हणतात, तेही कंसात टाका.