दात दुखत नसतील तरी दर सहा महिन्यांनी डॉक्टरकडे जायचं का? दातांचा बाकी तब्येतीशी संबंध काय?

दुखत नसताना दात दाखवायला जाणं म्हणजे पैसे उकळायचा धंदा, असं तुम्ही लिहिलंय. माझंही मत तेच होतं. मी डॉक्टर नाही, देवगडकडे आंब्याचं बघतो, पण आईपायी गेलं वर्षभर घरात हाच विषय चालला.

आई चाळीस वर्षं मशेरी लावायची. मागच्या पडवीत तव्यावर तंबाखू भाजायला घेतली की मांजरसुद्धा अंगणात पळायचं. एकही दात किडका नाही, याचा तिला कोण अभिमान! चूळ भरताना रक्त यायचं, त्याला ती 'उष्णता' म्हणायची आणि वर कोकमाच्या आगळाचं सरबत प्यायची. डॉक्टरचं नाव काढलं की, "माका काय्येक होवक नाय, कित्याक पैशे घालवतंस?"

इकडे मधुमेहाच्या गोळ्या वाढत गेल्या, तरी तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ९ टक्क्यांच्या खाली येईना. शेवटी साखरेच्या डॉक्टरांनीच तिचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या आणि कणकवलीला दातांच्या डॉक्टरकडे धाडलं.

तिथे आरशात दाखवलं. खालच्या पुढच्या दातांना आतल्या बाजूने, खडकाला कालवं धरावीत तसं तपकिरी कीटण. मग खुणा केलेली बारीक सळई हिरडी आणि दाताच्या फटीत घालून खोली मोजली. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक असते, आईची काही ठिकाणी ६. कीड ठणकते तरी, हिरडीचा रोग बहुतेक वेळा गप्प राहून खालचं हाड खातो. कीटण एकदा घट्ट झालं की ब्रशने निघत नाही.

साखरेशी संबंध दोन्हीकडून आहे. साखर जास्त असली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्यांची कायमची सूज इन्सुलिनला नीट काम करू देत नाही. हिरड्यांच्या उपचारानंतर ही तीन महिन्यांची साखर सरासरी ०.४ टक्क्याच्या आसपास उतरते. आईची त्याहून जास्त उतरली, पण मशेरी सुटली होती आणि गोळीही बदलली होती, त्यामुळे सगळं श्रेय दातांना देणार नाही. हृदयविकाराशीही नातं दिसतं, मात्र हिरड्यांमुळेच तो होतो असं सिद्ध झालेलं नाही.

सफाईने दात हलतात, हे आमच्याकडे घरोघरी ऐकाल. आईनेही आठवडाभर डॉक्टरला शिव्या घातल्या. खरं तर कीटण निघून सूज उतरली की फटी उघड्या पडतात, म्हणून तसं वाटतं. तिचे दोन दात मात्र वाचले नाहीत.

सहा महिन्यांबद्दलची तुमची शंका अगदीच चूक नाही. ब्रिटनमध्ये मोठ्या माणसांना धोक्यानुसार ३ महिने ते २ वर्षं असं अंतर सांगतात. मधुमेह, तंबाखू किंवा गरोदरपण असेल तर लवकर जायचं. घरी फ्लोराइडची पेस्ट, रात्रीचा ब्रश न चुकता, आणि कोकम सरबत प्यायल्यावर अर्धा तास थांबून मगच ब्रश.

आज रात्री ब्रश केल्यावर थुंकी गुलाबी दिसते का बघा. दोन-चार दिवस तशीच दिसली तर तारखा मोजत बसू नका, दाखवून या. नसेल तर नुसती तपासणी करून घ्या आणि सफाईची खरंच गरज आहे का, ते तोंडावर विचारा.