प्रकल्पाच्या मंजुरीपूर्वी आरोग्य-परिणाम मूल्यांकन सक्तीचे आहे का?

नाही, भारतात धरण, खाण किंवा औष्णिक वीजकेंद्र उभारण्यापूर्वी लोकांच्या आरोग्यावर होणाऱ्या परिणामांचे स्वतंत्र मूल्यांकन कायद्याने बंधनकारक नाही. याचा आधार 14 सप्टेंबर 2006 ची पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचना आहे: तिने अहवालाचा जो आराखडा घालून दिला, त्यात अतिरिक्त अभ्यास म्हणून जनसुनावणी, जोखीम आणि सामाजिक आघात यांची नावे येतात, आरोग्याचे वेगळे प्रकरण मात्र नाही. त्यामुळे हवेतील धूलिकण मोजले जातात, पण ती हवा घेणाऱ्या वस्तीत दम्याचे रुग्ण किती, किंवा कालव्याच्या पाझराने साचलेल्या डबक्यात डास वाढून हिवताप कोणत्या वाडीत पसरेल, हे बहुधा विचारलेच जात नाही. ही उणीव मला फार गंभीर वाटते, कारण असे करणे अशक्य नाही: थायलंडने 2007 च्या राज्यघटनेतच, समाजाला गंभीर बाधा पोहोचवू शकणाऱ्या प्रकल्पांसाठी आरोग्य-मूल्यांकनाची अट घातली आणि 2009 मध्ये तिथल्या न्यायालयाने ती न पाळल्यामुळे माप ता फुट या औद्योगिक परिसरातील 76 प्रकल्प थांबवले. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी: प्रकल्पांची छाननी करणारी तज्ज्ञ मूल्यांकन समिती एखाद्या प्रकल्पाच्या कार्यकक्षेत, म्हणजे अहवालात काय काय अभ्यासायचे याच्या यादीत, आरोग्य-अभ्यासाची अट घालू शकते, म्हणून तुमच्या प्रकल्पाची कार्यकक्षा आधी वाचा. मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात पाहायला मिळतो आणि हरकतींसाठी किमान 30 दिवस असतात. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदींचा आधार घेऊन हरकत लेखी द्यावी.