कॉपी केलेल्या फाइलवर मूळ तारीख-वेळ का टिकत नाही

तुमचा प्रश्न असा: सी मध्ये लिहिलेला कॉपीचा प्रोग्राम शेवटी यूटाइम (फाइलवर ठरावीक वेळ लावणारं फंक्शन) बोलावतो. तो शून्य परत करतो, म्हणजे काम झालं म्हणतो, तरी नव्या फाइलचा एम-टाइम (मजकूर शेवटचा बदलल्याची वेळ) आजचाच दिसतो. वेळ जुळत नाही म्हणून रोज रात्री सगळ्या फाइली पुन्हा कॉपी होतात. आणि शेअर्ड फोल्डरमधल्या काही फाइलींवर, ग्रुपला लिहायची परवानगी असूनही, 'ऑपरेशन नॉट परमिटेड' येतं.

यूटाइम खोटं बोलत नाही. त्याने वेळ लावली होती, ती तुमच्याच प्रोग्रामने नंतर पुसली. तुमच्या कोडमध्ये क्रम असा आहे: एफराइट (फाइलमध्ये लिहिणं), मग यूटाइम, मग एफक्लोज (फाइल बंद करणं). एफराइटने दिलेला सगळा मजकूर लगेच कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) जात नाही. शेवटचा तुकडा सी लायब्ररीच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) पडून राहतो आणि एफक्लोजच्या वेळी खरा राइट होतो. राइट झाला की कर्नल एम-टाइम आत्ताचा करतो. एसट्रेस (प्रोग्राम कर्नलला काय काय सांगतो ते दाखवणारं साधन) लावून प्रोग्राम चालवा, यूटाइमच्या ओळीखाली एक राइट स्पष्ट दिसेल. म्हणून आधी एफफ्लश करा (म्हणजे बफर रिकामा करा), त्याचं उत्तर तपासा (डिस्क भरली असेल तर ते इथेच कळतं), मगच वेळ लावा. वेळ लावल्यानंतर त्या फाइलमध्ये एकही बाइट जाता कामा नये.

पण एवढं केलं तरी रात्रीची पुन्हा कॉपी थांबणार नाही. यूटाइमला फक्त पूर्ण सेकंद कळतात. मूळ फाइलचा एम-टाइम १० वाजून १५ मिनिटं २०.७३४ सेकंद असेल, तर कॉपीवर २०.००० लागतो. दोन्ही सारखे आहेत का हे नॅनोसेकंदापर्यंत तपासलं की उत्तर कायम 'नाही' येणार. यूटाइम्स मायक्रोसेकंदापर्यंत जातो, तोही पुरेसा नाही. नव्या कोडमध्ये मी या दोघांनाही हात लावणार नाही. यूटाइमेन्सॅट (फाइलच्या नावाने वेळ लावणारा) आणि फ्यूटाइमेन्स (उघड्या फाइलला वेळ लावणारा) वापरा, त्यांना नॅनोसेकंद कळतात. पोझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमच्या प्रमाणाच्या २००८ च्या आवृत्तीपासून ते प्रमाणित आहेत आणि लिनक्स कर्नलमध्ये यूटाइमेन्सॅट २.६.२२ पासून आहे. तुमच्याकडे फाइल उघडीच आहे, त्यामुळे फाइलनोने डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक) काढून फ्यूटाइमेन्सला द्या. नावाने वेळ लावताना मधल्या क्षणी कुणी त्या नावाची दुसरी फाइल ठेवली तर वेळ भलत्याच फाइलला लागते. डिस्क्रिप्टरने तो धोका राहत नाही.

फ्यूटाइमेन्सला दोन टाइमस्पेकचा (टाइमस्पेक म्हणजे सेकंद आणि नॅनोसेकंदांची जोडी) अ‍ॅरे लागतो, पहिला ए-टाइमचा (शेवटच्या वाचनाची वेळ), दुसरा एम-टाइमचा. मूळ फाइलची माहिती एफस्टॅटने वाचा आणि त्यातला एसटी_एमटाइम न घेता एसटी_एमटिम घ्या, नॅनोसेकंद त्यातच असतात (मॅकवर त्याचं नाव एसटी_एमटाइमस्पेक आहे). ए-टाइमला हातच लावायचा नसेल तर त्याच्या नॅनोसेकंदाच्या जागी यूटाइम_ओमिट ठेवा; आत्ताची वेळ हवी तर यूटाइम_नाऊ. मूळ फाइलचा ए-टाइम जपायचा असेल तर एफस्टॅट वाचन सुरू करण्याआधी करा, कारण वाचल्याने तो बदलू शकतो. लिनक्सवर २.६.३० पासून रेलाटाइम (ए-टाइम क्वचितच बदलण्याची पद्धत) हा डीफॉल्ट असल्यामुळे तो दर वाचनाला बदलत नाही, म्हणून ही चूक चाचणीत सहज निसटते.

कुणी तरी पायथन वापरायला सांगितलंय. चालेल, पण ओएस डॉट यूटाइमला वेळ फ्लोटमध्ये (दशांश संख्या, सी मधला डबल) देऊ नका. आजच्या तारखांना डबलची अचूकता साधारण पाव मायक्रोसेकंद इतकीच उरते. तिथे एनएस नावाचा पॅरामीटर पूर्णांक घेतो, तो वापरा.

आता परवानगी. इथे बहुतेकांचा समज चुकीचा असतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. फाइलमध्ये लिहिता येणं आणि तिच्यावर हवी ती वेळ लावता येणं हे दोन वेगळे अधिकार आहेत. 'आत्ताची वेळ लाव' एवढंच म्हणायचं असेल, म्हणजे वेळेच्या जागी नल (काहीच नाही) दिला किंवा दोन्हीकडे यूटाइम_नाऊ दिला, तर लिहायची परवानगी पुरते. तसंही लिहिल्यावर तेच झालं असतं. पण मागची किंवा पुढची ठरावीक वेळ लावायची तर तुम्ही त्या फाइलचे मालक असायला हवं, नाहीतर रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता). एकीकडे नाऊ आणि दुसरीकडे ओमिट दिलं तरी मालकीच लागते. मालकी नसेल तर ईपर्म (तोच 'ऑपरेशन नॉट परमिटेड') येतो; नल देऊनही लिहायची परवानगी नसेल तर ईअ‍ॅक्सेस. तुम्हाला ईपर्म येतोय, म्हणजे त्या फाइली तुमच्या सहकाऱ्याने बनवलेल्या आहेत आणि तुम्ही त्यांच्यावरच लिहिताय. सीएचमॉडने (परवानग्या बदलून) हे सुटणार नाही, ६६४ चं ६६६ (सगळ्यांना लिहायची परवानगी) केलं तरीही नाही.

माझा सल्ला: जुन्या फाइलवर लिहूच नका. त्याच डायरेक्टरीत तात्पुरत्या नावाची नवी फाइल बनवा, मजकूर लिहा, फ्यूटाइमेन्स करा, बंद करा आणि मग रीनेमने मूळ नाव द्या. नवी फाइल तुमच्या मालकीची असल्यामुळे वेळ लागते, आणि रीनेमने एम-टाइम बदलत नाही. प्रोग्राम मधेच बंद पडला तरी अर्धवट फाइल जुन्या नावाखाली सापडत नाही, हा वेगळा फायदा. मात्र फाइलची मालकी बदलते, हार्ड लिंक (त्याच फाइलचं दुसरं नाव) तुटते, आणि डायरेक्टरीवर स्टिकी बिट (दुसऱ्याची फाइल काढू न देणारी खूण) असेल तर दुसऱ्याच्या फाइलवर रीनेम करता येत नाही. हे तुमच्या टीमला चालणार आहे का, ते आधी विचारून घ्या.

डायरेक्टरींच्या वेळा सर्वांत शेवटी, आतून बाहेर या क्रमाने लावा. आत नवी फाइल आली किंवा रीनेम झाली की बाहेरच्या डायरेक्टरीचा एम-टाइम बदलतो. सिमलिंकची (दुसऱ्या फाइलकडे नेणाऱ्या खुणेची) स्वतःची वेळ लावायची असेल तर यूटाइमेन्सॅटला एटी_सिमलिंक_नोफॉलो द्या, नाहीतर ती लिंक ज्या फाइलकडे जाते तिच्यावर वेळ लागेल.

बॅकअप पेनड्राइव्हवर जाणार असेल तर तुलना थोडी सैल ठेवावी लागेल. फॅटमध्ये (पेनड्राइव्हवर बऱ्याचदा असणारी फाइल सिस्टिम) एम-टाइम दोन-दोन सेकंदांच्या पायरीने साठतो आणि ए-टाइमची फक्त तारीख. जुन्या पद्धतीने १२८ बाइटच्या आयनोडवर (फाइलची माहिती ठेवणारी नोंद) बनवलेल्या ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमवरही नुसते सेकंदच टिकतात. आरसिंक या कॉपीच्या साधनात याचसाठी मॉडिफाय-विंडो (वेळेतला किती फरक चालेल) हा पर्याय आहे. तुमच्या प्रोग्राममध्येही तसाच फरक चालवून घ्या.

सी-टाइमबद्दलही (फाइलची किंवा तिच्या माहितीची शेवटची बदलल्याची वेळ) विचारलंय. तो लावायचा कॉल नाही, आणि मला हे अगदी योग्य वाटतं. फ्यूटाइमेन्स केलं की कर्नल सी-टाइम आत्ताचा करतो. एम-टाइम मागे ढकललेली फाइलही बॅकअपला बदललेली म्हणून सापडते, ती यामुळेच. घड्याळ मागे करून सी-टाइम बदलायच्या ज्या युक्त्या फिरतात, त्या चालू सर्व्हरवर कृपा करून वापरू नका.

हे सगळं करूनही वेळ जुळली नाही, तर एकाच फाइलवर एसट्रेस चालवा आणि ओपनपासून रीनेमपर्यंतच्या ओळी इथे टाका. सोबत दोन्ही फाइलींचं स्टॅटचं आउटपुट आणि माउंट कमांडमधली त्या डिस्कची ओळही द्या, म्हणजे फाइल सिस्टिम कोणती ते कळेल.